रेडिएटरचं पाणी कुठे जातं

ज्या माणसामुळे मला सिंगापूर सोडावं लागलं असतं, त्याच्याबद्दल हे लिहिते आहे. मी त्याला माफ केलेलं नाही. मैत्रिणींनी सांगितलं म्हणून सहा आठवडे सकाळी ध्यानाला बसून पाहिलं. डोळे मिटले की त्याचाच चेहरा दिसायचा, तोही हसरा. मग ते सोडून दिलं आणि तो वेळ इस्त्रीला दिला.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझं ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये आहे. एका थंड देशातली कंपनी घरं गरम ठेवणारे बॉयलर बनवते. तिथले फिटर काम करताना अडले की चॅटवर प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर आमच्याकडून जातं. उत्तरं देणारे आठ जण आहेत. ते ज्या सूचना समोर ठेवून उत्तर देतात, त्या सूचना मी लिहिते. म्हणजे बुकित बातोकच्या घरून दोन गाड्या बदलून, घाम पुसत मी ऑफिसात पोचते, एसीसाठी अंगावर शाल घेते आणि बर्फात राहणाऱ्या लोकांची घरं कशी ऊबदार ठेवावीत हे लिहिते. मी आयुष्यात रेडिएटरला, म्हणजे खोली ऊबदार करणाऱ्या भिंतीवरच्या गरम पाण्याच्या लोखंडी पेटीला, हात लावलेला नाही. आमच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरात एक छोटा हीटर आहे, तोसुद्धा डिसेंबरच्या पावसातच लावतो.

पहिल्याच वर्षी मला एक सूचना लिहायला सांगितली होती: घरात वॉटर सॉफ्टनर असेल तर बॉयलर कसा बसवावा. सॉफ्टनर मला माहीत होता. पुण्यात आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी यायचं. बादल्यांना पांढरे थर, गिझरची कॉइल दर दोन वर्षांनी क्षार धरून जायची. शेवटी सोसायटीने सॉफ्टनर बसवला. त्यात मिठाची पोती घालायची, की पाण्यातला क्षार निघून जायचा. तेव्हा मी बिनधास्त लिहिलं: बॉयलरला जाणारं सगळं पाणी सॉफ्टनरमधून घ्या.

ते वाचून तिकडच्या एका म्हाताऱ्या फिटरने मला फोन केला. चॅट नाही, फोन. त्याने विचारलं, "बाई, रेडिएटरमधलं पाणी कुठे जातं असं तुम्हाला वाटतं?"

मी म्हटलं, "नळाला."

तो हसला नाही, हे मी अजून विसरलेले नाही. त्याने शांतपणे समजावलं. बॉयलरमध्ये पाण्याच्या दोन वाटा असतात. एक नळाची, ते पाणी येतं, तापतं, निघून जातं. दुसरी रेडिएटरची, ती बंद वाट. एकदा भरलेलं पाणी वर्षानुवर्षं तेच फिरत राहतं, काळं पडतं, त्याला वास येतो. ते कुठेच जात नाही. नळाच्या वाटेला सॉफ्टनर उत्तम, क्षार धरत नाही. पण बंद वाटेत सॉफ्टनरचं पाणी भरून ठेवलं, तर काही बॉयलरच्या पोटात जो ॲल्युमिनियमचा भाग असतो, तो ते हळूहळू खातं. म्हणून रेडिएटर भरताना सॉफ्टनर बायपास करायचा, साधं पाणी भरायचं आणि त्यात योग्य ते गंजरोधक घालायचं.

आपल्याकडे गरम पाणी म्हणजे गिझर. पाणी आत गेलं, तापलं, बादलीत पडलं. घरभर फिरणारं आणि कधीच बाहेर न येणारं गरम पाणी आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही. माझीही चूक झाली होती, पण मी ती त्याच दुपारी दुरुस्त केली. चौदा मुद्द्यांच्या त्या सूचनेत सातवा मुद्दा आला: रेडिएटर भरताना सॉफ्टनर बायपास करा.

दोन वर्षांपूर्वी आम्हाला नवा मॅनेजर आला. मूळचा डोंबिवलीचा, राहायला यिशुनला, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. मराठी निघाल्यामुळे पहिल्या दिवशी मला बरंच वाटलं होतं. त्याने जाहीर केलं की प्रत्येक सूचना एका स्क्रीनवर मावली पाहिजे, बारा मुद्द्यांच्या वर एकही नको. मग माझ्या खुर्चीशेजारी उभा राहून यादी वाचायला लागला.

"मॅडम, हे सात नंबरचं काय आहे? सॉफ्टनर बायपास करा? म्हणजे सॉफ्टनर विकत घ्यायचा आणि वापरायचा नाही?"

"फक्त रेडिएटर भरताना. नळाला वापरायचाच."

"बॉयलर एक आणि पाणी दोन?"

"हो."

"अहो, माझ्या सासुरवाडीला पिंपळे सौदागरला सॉफ्टनर आहे. अख्ख्या बिल्डिंगला तेच पाणी. गिझर टकाटक चाललेत."

"सर, हा गिझर नाही."

"पाणी तापवतो ना? मग गिझरच की. काढा तो. आणि तो सॉफ्टनरच्या मिठाचा मुद्दाही काढा. झाले बारा."

मी नोकरीला लागले ती भोसरीच्या एका रसायनाच्या कारखान्यात. तिथे लॉगशीटवर खाडाखोड चालत नसे. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही, तारीख, कारण. ती सवय माझी गेली नाही. प्रत्येक सूचनेचा एक छापील कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवते आणि बदल सांगणाऱ्याची त्यावर सही घेते. मी सातव्या मुद्द्यावर रेघ मारली आणि कागद त्याच्यापुढे धरला.

"हे काय, रेशनचं कार्ड?" असं म्हणून त्याने सही केली. कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: अनावश्यक.

मी एक मेलही टाकला, की हा मुद्दा काढल्याने नुकसान होऊ शकतं. उत्तर आलं, "नोटेड." त्यापुढे मी भांडले नाही. भांडायला हवं होतं. पण तेव्हा मुलीच्या शाळेचं काहीतरी चाललं होतं आणि मी तो विषय सोडला.

पहिला हिवाळा निभावला. दुसऱ्या हिवाळ्यात तक्रारी यायला लागल्या. रेडिएटर वरून गार, आत सारखा वायू साचतोय, पाणी शाईसारखं. मग बॉयलर आतून गळायला लागले. सगळी घरं सॉफ्टनरची, सगळी आमची सूचना बघून भरलेली. कंपनीने माग काढला आणि तो आमच्या स्क्रीनपाशी आला.

जानेवारीच्या शेवटी मोठी बैठक झाली, तिकडचे लोक स्क्रीनवर. मॅनेजरने घसा साफ केला आणि म्हणाला, "ही सूचना आमच्या मॅडमनी लिहिली आहे. या विषयातल्या त्या जाणकार, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास टाकला. इथून पुढे मी स्वतः तपासेन." आणि माझ्याकडे बघून हसला, एखाद्या आजारी माणसाकडे बघून हसतात तसा.

कागद ड्रॉवरमध्ये होता आणि ड्रॉवर दोन मजले खाली. हातात कागद नसताना मी बोलत नाही.

दोन दिवसांत मला लेखी ताकीद मिळाली. एचआरची बाई सौजन्याने म्हणाली की इथे काम करायचा माझा पास जूनमध्ये संपतो, त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज करायचा की नाही हे कंपनी मार्चच्या आढाव्यानंतर ठरवेल.

याचा अर्थ इथल्या प्रत्येकाला कळतो. नवरा पुण्याच्या कॉलेजातली नोकरी सोडून माझ्यामागे इथे आला, त्याचा पास माझ्या पासावर. मुलीचा पासही माझ्याच पासावर. ती सेकंडरी फोरला, म्हणजे आपल्या दहावीला, ओ-लेव्हलची बोर्डाची परीक्षा ऑक्टोबरमध्ये. माझी नोकरी गेली तर महिनाभरात गाशा गुंडाळायचा, म्हणजे तिची परीक्षा बुडाली. पुण्यात तिला कोणत्या वर्गात घेतील, हे मी तीन शाळांना विचारून पाहिलं. तिन्ही उत्तरं वेगळी आली आणि तिन्ही वाईट होती.

त्या संध्याकाळी नवरा भाकरीचं पीठ मळत होता. मी कागद ओट्यावर ठेवला.

"त्याचीच सही आहे ना?" त्याने हात न लावता वाकून वाचलं. "अनावश्यक. अक्षर चांगलं आहे मेल्याचं. मग पाठव की मेल."

"पाठवला तर तो म्हणेल नजरचूक झाली, दोघांचीही. लोक म्हणतील, जाऊ दे. ताकीद अर्धी त्याला, अर्धी मला."

"अर्धी तर अर्धी."

"मला अर्धी नकोय."

मुलगी अभ्यासाच्या टेबलावरून म्हणाली, "आई, जस्ट शो देम लाह. व्हाय सो ड्रामा?"

"तिकडचे लोक मार्चमध्ये इथे येणार आहेत," मी म्हटलं. "मला त्यांच्यासमोर हवंय. त्याला यातलं काही कळत नाही, हे त्याच्या तोंडून."

नवऱ्याने तवा ठेवला. "तुझा हिशेब सुरू झाला. मी आता मध्ये पडत नाही. फक्त एक सांग, तोवर ती सूचना तशीच राहणार?"

मी कागद उचलून पर्समध्ये ठेवला.

सूचना तशीच राहिली. मॅनेजरने स्वतः तपासून तिच्यातल्या एका मुद्द्यात भर घातली होती: चांगल्या प्रतीचं गंजरोधक वापरा. बायपासचं नाव नाही, कारण त्याच्या डोक्यात अजून गिझरच होता. मुद्दा सात परत घालायला मला दोन मिनिटं लागली असती. पण तो परत घातला असता तर त्याच्या लक्षात आलं असतं की नेमकं काय चुकलंय, आणि पाहुण्यांसमोर त्याने तेच पढून म्हटलं असतं. म्हणून मी थांबले, कामाचे चोवीस दिवस. उत्तरं देणाऱ्यांपैकी कोणी मान वळवून विचारलं, "मॅडम, फिटर विचारतोय, सॉफ्टनरच्या आधी भरू की नंतर?" तर मी खरं सांगितलं. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं. ज्यांनी विचारलं नाही त्यांना नाही. त्या दिवसांत सॉफ्टनरच्या किती घरांना तीच अर्धवट सूचना पाठवली गेली, ते मी रोज संध्याकाळी चॅट चाळून वहीत लिहीत होते. का लिहीत होते, ते मला धड सांगता येणार नाही. हात थांबत नव्हता.

सादरीकरण तो करणार होता, पडद्यावरची पानं मात्र मी तयार करायची, हे आमच्याकडे ठरलेलंच. मी मन लावून केली. पाचव्या पानावर घराचं चित्र: मध्ये बॉयलर, त्याला रेडिएटरचं वेटोळं, त्यालाच न्हाणीघराचा नळ. दोन्ही वाटा एकाच निळ्या रंगात. चित्र खोटं नव्हतं, दोन रेघा कुठेही एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. मी फक्त नावं लिहिली नाहीत. त्याला पानावर शब्द कमी लागायचे.

"वा मॅडम," तो आदल्या दिवशी म्हणाला, "राग नाही ना धरलात? ऑफिसात असं चालतंच. एकाला पुढे करावं लागतं."

"नाही हो सर. चहा घेणार?"

त्याने चहा घेतला. साखर मीच आणून दिली.

तिकडून दोघं आले होते. एक विक्रीचा माणूस आणि एक पिकलेल्या केसांची इंजिनियर बाई, जी पहिली चार पानं एक शब्दही बोलली नाही. पाचवं पान आलं. मॅनेजर पडद्याजवळ गेला आणि बोटाने दाखवत म्हणाला, "सॉफ्टनरचं पाणी इथून बॉयलरमध्ये येतं, तापतं, मग सगळ्या खोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरतं आणि शेवटी इथे, न्हाणीघराच्या नळाला येतं."

बाईने पेन खाली ठेवलं. "म्हणजे लोक रेडिएटरच्या पाण्याने अंघोळ करतात?"

"हो. अगदी गरम मिळतं."

"आणि रेडिएटरमधलं पाणी किती दिवसांनी बदलतं?"

"रोज," तो म्हणाला. "लोक अंघोळ करतील तसं."

विक्रीचा माणूस टेबलाकडे बघायला लागला. मॅनेजरला कळलं की काहीतरी झालंय, पण काय ते कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी नेहमी सावरून घेत असे. मी पाण्याची बाटली उघडली आणि एक घोट घेतला. ती दहा-बारा सेकंदं माझ्याकडे आहेत, आणि ती मी कुणाला देणार नाही.

बाईने विचारलं, "ही सूचना मुळात कोणी लिहिली?"

"मी," असं म्हणून मी कागद तिच्यापुढे सरकवला. या वेळी तो हातात होता. ती वाचत असताना मी रेघेखालचा मुद्दा, सही आणि तारीख सांगितली, आणि 'अनावश्यक' या शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगितला. मॅनेजर पडद्याशेजारी उभाच होता. बोट अजून न्हाणीघरावर.

इथे हे संपलं असतं तर मी जिंकले होते. पण ती बाई हुशार होती. तिने कागद उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

"हा मुद्दा नसल्यामुळे हे सगळं झालं, हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

मी आजचं नाव घेऊ शकत होते. काल रात्री चित्र काढताना, असं म्हणू शकत होते. कोणालाही कळलं नसतं. एचआरची बाई माझ्या समोर बसली होती, तिची वही उघडी होती, आणि मार्चचा आढावा म्हणजे हीच खोली होती. ऑक्टोबरची परीक्षा त्या एका उत्तरावर होती.

पण दुसऱ्याच्या सहीची तारीख मी आत्ताच मोठ्याने वाचून दाखवली होती. स्वतःची तारीख चुकवायला तोंड उघडेना. मी म्हटलं, "जानेवारीच्या बैठकीत. त्याच मिनिटाला."

"आज मार्च आहे."

"हो. मी ताकीद मिळाल्यापासूनचे कामाचे दिवस मोजले. चोवीस."

"त्यात किती घरं?"

मी आकडा सांगितला. वहीत होता. तिने तो लिहून घेतला आणि त्या घरांचे क्रमांक मागितले. मी दिले. त्या सगळ्या फिटरना दुसऱ्या दिवशी निरोप गेला की पाणी उपसून साधं भरा. इतक्या कमी दिवसांत आतलं काही खराब झालं नसेल, असं ती म्हणाली. माझ्या समाधानासाठी नव्हे. सांगायचं म्हणून सांगितलं, आणि परत माझ्याशी बोलली नाही. निघताना विक्रीच्या माणसाने हात मिळवला. तिने नाही.

मॅनेजरला दुसऱ्या टीमवर टाकलं, त्याच इमारतीत. हाताखालची माणसं काढून घेतली. आता तो एकटाच तक्ते भरतो. मला दुसरी लेखी ताकीद मिळाली, या वेळी योग्य कारणासाठी. कंपनीने पासाचा अर्ज केला, पण दोनऐवजी एकाच वर्षाचा. एचआरच्या बाईने स्पष्ट सांगितलं की पुढच्या वर्षी काय होईल ते आज सांगता येत नाही. सातवा मुद्दा सातव्या जागी परत आला आहे आणि सूचना तेरा मुद्द्यांची आहे.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "एक वर्ष म्हणजे परीक्षा होते. पण पहिल्याच दिवशी कागद दाखवला असतास तर दोन मिळाली असती."

"माहीत आहे."

"परत वेळ आली तर काय करशील?"

मी विचार करून उत्तर दिलं. "सूचना दुरुस्त करेन. त्याला दुसरीकडे पकडेन."

मुलगी म्हणाली, "आई, यू आर स्केरी, सिरियसली," आणि गणिताचा पेपर सोडवायला लागली. ऑक्टोबरपर्यंतचं तिचं वेळापत्रक मी फ्रिजवर लावलं आहे.

परवा मॅनेजर लिफ्टमध्ये भेटला. दोघंच होतो. तो मजल्यांचे आकडे बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, चित्राच्या वेळी तुम्ही मला एक शब्द सांगू शकला असता."

"सांगू शकले असते," मी म्हटलं. माझा मजला आला तशी मी उतरले.